अंकुशचा उरलेला दिवस

१

दिग्विजय सोनवणेला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. साक्रीकडच्या ज्या गावात तो वाढला, तिथली पोरं क्रिकेट खेळत, नाहीतर कबड्डी. तरीही बोईसरला आल्यापासून गेली पाच वर्षं त्याचा प्रत्येक शुक्रवार फुटबॉलमध्येच जात होता. कारखान्याला शुक्रवारची सुट्टी. सकाळी बाजारहाट उरकायचा, जेवायचं, आणि मग सरावलीतल्या त्या दोन खोल्यांच्या घरात खिडकीचा पडदा ओढून टीव्हीला जोडलेला गेमचा सेकंडहँड डबा चालू करायचा. शेजारचा अक्षय तोपर्यंत दारात चप्पल काढतच असायचा.

कामाची वाटणी ठरलेली होती. मॅच खेळायचा अक्षय. तो इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन, त्याची बोटं चलाख. दिग्विजयला मॅच बघायचाही कंटाळा. त्याचा जीव रमायचा तो करारांच्या पानावर. या गेममध्ये आपण एका क्लबचे मॅनेजर असतो. कुणाला किती दिवसांसाठी घ्यायचं, किती पगार द्यायचा, कुणाला नारळ द्यायचा हे सगळं आपण ठरवायचं. त्यात लीगने सॅलरी कॅप नावाची मेख मारून ठेवलेली. सगळ्या खेळाडूंचे पगार मिळून एका ठरलेल्या आकड्याच्या वर गेले की क्लबला दंड, आणि सीझन संपेपर्यंत आकडा खाली आणला नाही तर मॅनेजरचीच हकालपट्टी. अक्षयला या पानाचा वैताग यायचा. दिग्विजय मात्र तिथे पाण्यातल्या माशासारखा फिरायचा, कारण आठवड्याचे उरलेले सहा दिवस तो पोटासाठी हेच करत होता.

तारापूर एमआयडीसीतल्या एका केमिकल कारखान्यात तो कंत्राटी कामगारांचा टाइम ऑफिसर होता. हजेरी, गेटपास, मुदत संपली की ब्रेक. ब्रेकचा हिशेब सरळ होता. सलग दोनशे चाळीस दिवस भरले की माणूस कायम नोकरीवर हक्क सांगू शकतो, म्हणून दोनशे एकोणचाळिसाव्या दिवशी त्याला सोडायचं, आणि दहावीस दिवसांनी नव्या पासवर परत घ्यायचं. हाच डाव त्याने गेममध्येही लावला होता. पगारवाढीची तारीख यायच्या आदल्या दिवशी खेळाडूला सोडायचं आणि दुसऱ्या आठवड्यात कमी पगारावर पुन्हा उचलायचं. गेम बनवणाऱ्या गोऱ्या लोकांच्या हे डोक्यातही आलं नसेल, असं तो अक्षयला ऐटीत सांगायचा.

क्लबचं नाव सरावली युनायटेड. खेळाडूंना नावं देताना डोकं चालवायचा कंटाळा आला, तेव्हा त्याने सरळ आपल्या मस्टरवरची पहिली सव्वीस नावं चढवून टाकली होती.

"अहो, सुट्टीच्या दिवशीसुद्धा हजेरीच घेताय का?" हेमांगी, त्याची बायको, चहा ठेवताना म्हणायची. तिचं बोलणं तो हसण्यावारी न्यायचा.

त्या शुक्रवारीही तो हसला, पान उघडलं, आणि थांबला. बेरीज कॅपच्या वर जात होती. असं व्हायला नको होतं. मागच्याच खेपेला त्याने एका खेळाडूला ब्रेक देऊन जागा केली होती. त्याने यादी खालपर्यंत सरकवली. तळाशी तेच नाव होतं. अंकुश वरठा, लेफ्ट विंग. करार शिल्लक : एक दिवस.

"याला तर सोडला होता ना आपण?" अक्षयने विचारलं.

"सोडला होता." दिग्विजयने पुन्हा त्या नावावर जाऊन सोडायचं बटण दाबलं. बटण फिकट पडलेलं होतं, दाबलं जाईना. त्याने गेममधला एक आठवडा पुढे ढकलला. बाकीच्यांचे दिवस सातसातने कमी झाले. अंकुशचा एक दिवस होता तसाच राहिला. एक महिना ढकलला. तरी एक दिवस.

"काहीतरी बग असेल, भाऊ," अक्षय म्हणाला आणि मॅच लावली. दिग्विजयलाही तेच पटलं. फक्त एक गोष्ट त्याच्या मनात उगीच येऊन गेली, की खऱ्या अंकुशलाही त्याने तीनच आठवड्यांपूर्वी ब्रेक दिला होता.

२

टाइम ऑफिस म्हणजे कंत्राटी गेटला लागून असलेली पत्र्याची खोली. एक टेबल, एक पंखा, गजांची खिडकी, आणि मागच्या मांडणीवर वर्षानुवर्षांची गेट रजिस्टरं. कायम कामगारांच्या गेटला अंगठ्याचं मशीन होतं. कंत्राटींना अजून वहीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास खिडकीशी एक बाई येऊन उभी राहिली. अंगाने किडकिडीत, पायाला धूळ, हातात पिशवी. विक्रमगडच्या पुढच्या एका पाड्यावरून पहाटेची एसटी धरून आली होती. नाव नवसी.

"साहेब, माजा नवरा हाय आत. अंकुश. त्याला जरा बोलीव."

"अंकुश आता नाहीये इथे. त्याला ब्रेक दिलाय. तीन आठवडे झाले जाऊन."

"घरी नाय आला तो."

"मग दुसरीकडे लागला असेल कामाला. वसई, भिवंडी, कुठेतरी. ब्रेकमध्ये जातात बरेच जण."

"मंग मला सांगला असता." ती शांतपणे बोलत होती. "फोन बी लागत नाय त्याचा. होळी आली आता, बारा दिस रायले. होळीला तो कंदी चुकत नाय."

दिग्विजयने मांडणीवरून रजिस्टर काढलं. त्याला आपल्या रजिस्टरचा अभिमान होता. आत गेलेली नावं आणि बाहेर पडलेली नावं त्याच्याकडे रोजच्या रोज जुळायची. त्याने ते पान खिडकीच्या गजांजवळ धरून ओळ दाखवली. अंकुश वरठा, आत सकाळी ७:५०, बाहेर संध्याकाळी ५:४०. निळ्या शाईत, ठसठशीत अक्षरात.

नवसीला वाचता येत नव्हतं. तिने गजांतून बोट आत घालून त्या ओळीवर टेकवलं. "हे कोनी लिवला?"

"मी."

"मंजी तू पायलास त्याला जाताना?"

आता इथे खरं काय ते सांगायला हवं. दिग्विजयने कुणालाच जाताना पाहिलं नव्हतं. ब्रेकवाल्यांचे पास तो त्यांच्या शेवटच्या दिवशी सकाळीच जमा करून घेई, आणि त्याच दमात सगळ्यांच्या नावापुढे बाहेर पडल्याची वेळ टाकून मोकळा होई. पाच चाळीस. पास हातात नसलेला माणूस संध्याकाळी गेटमधून कधी गेला, याची नोंद ठेवायला मग कुणी बसत नसे. संध्याकाळी घरी जायला उशीर नको, एवढंच त्यामागचं कारण. त्याच्या आधीचा टाइम ऑफिसरही असंच करायचा. त्यानेच हे शिकवलं होतं.

"हो, पाहिलं ना," दिग्विजय म्हणाला.

खिडकीशी येणाऱ्यांना तो दिवसातून पन्नासदा असा हो म्हणत असे. त्यात खोटं बोलल्यासारखं त्याला काही वाटलं नाही. पण नवसीचा चेहरा एकदम सैल पडला. तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"कसा होता? बरा होता?"

"बरा होता. हसत गेला."

"मंग जाते वसईला, बघते," ती म्हणाली. वसईत कुठे बघायचं हे तिने विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

३

पुढच्या शुक्रवारी अक्षयला त्याच्या कंपनीत सेकंड शिफ्ट लागली होती. दिग्विजय एकटाच बसला. सीझनचे शेवटचे सामने उरले होते आणि बेरीज अजून कॅपच्या वरच होती, नेमकी अंकुशच्या पगाराएवढी. सोडता येत नसेल तर त्याच्याशी नवा, कमी पगाराचा करार करून टाकावा, असं त्याने ठरवलं.

करारासाठी गेममध्ये एक खोली होती. टेबल, दोन खुर्च्या, मागे काचेतून दिसणारं मैदान. आपण खेळाडूला बोलवायचं, दार उघडतं, तो आत येतो, खुर्ची ओढून बसतो, आणि खाली त्याची मागणी उमटते. हे दृश्य त्याने हजारदा पाहिलं असेल. त्याने अंकुशला बोलवलं.

दार उघडलं. कुणी आत आलं नाही. थोड्या वेळाने समोरची खुर्ची मागे सरकली आणि तशीच रिकामी राहिली. खाली नेहमीची ओळ उमटली, खेळाडू आला आहे, आपला प्रस्ताव ठेवा.

दिग्विजयने एक वर्षाचा प्रस्ताव ठेवला. नकार. दोन वर्षांचा ठेवला. नकार. मग नुसती गंमत म्हणून पगार दुप्पट केला, चौपट केला. नकार, नकार. मागणीची जागा कोरीच. याच वेळी त्याच्या लक्षात आलं, की खोलीतलं ते हळू आवाजातलं संगीत बंद पडलंय. त्याच्या जागी एक पोकळ गुणगुण येत होती, रिकाम्या टाकीत तोंड घालून ऐकावं तशी. आणि त्या गुणगुणीत कुणीतरी लोखंडावर काहीतरी आपटत होतं. तीनदा. मग थांबून पुन्हा तीनदा. घाई नव्हती त्यात. खूप वेळ आपटून दमलेल्या हाताचा तो आवाज होता.

"अहो, दार कोण वाजवतंय बघा ना," आतून हेमांगी म्हणाली.

त्याने टीव्हीचा आवाज बंद केला. ठोके बंद झाले. हेमांगी पिठाचे हात घेऊन बाहेर आली, दार उघडून जिन्यात डोकावली आणि परत आली. "कुणी नाही. पण मला वाटलं, लोखंडी दार वाजतंय. आपलं तर लाकडी आहे."

"गेममधला आवाज होता."

"असले कसले आवाज असतात गेममध्ये?" ती त्याच्याकडे बघत राहिली. "तुम्हाला बरं नाहीये का? घाम आलाय केवढा."

पडदा ओढलेला, बाहेर दुपारचं ऊन, घाम येणारच; असं त्याने तिला सांगितलं आणि स्वतःलाही समजावलं. स्पीकर जुना झालाय. तारेत दोष असेल. पण रात्री जेवताना त्याला एकच गोष्ट सारखी आठवत होती. नवसीला सांगितलेलं ते हसणं. आपण असं का बोललो? माणसाला पाहिलंच नव्हतं, तर त्याचं हसणं कुठून आणलं?

४

शनिवारी कारखान्यात पोचल्यावर तो टाइम ऑफिसात न जाता कंत्राटी कामगारांच्या चेंजिंग शेडकडे वळला. आत जाताना कामगार आपल्या चपला तिथल्या लाकडी फळ्यांवर ठेवून गमबूट चढवतात, जाताना गमबूट काढून चपला घालतात. सकाळची शिफ्ट आत गेली होती, त्यामुळे फळ्या भरलेल्या होत्या. तो एकेक जोड बघत गेला. आपण काय शोधतोय हे त्याला स्वतःशी कबूल करवत नव्हतं.

सर्वात खालच्या फळीवर, कोपऱ्यात, एक जोड होता. डाव्या चपलेचा पट्टा तुटलेला, तांब्याच्या तारेने बांधलेला. ही तार त्यानेच दिली होती. अंकुश जानेवारीत खिडकीशी येऊन म्हणाला होता, साहेब, एक तुकडा द्या. चपलांवर हवेत उडणाऱ्या केमिकलची बोटभर पांढरी भुकटी साचली होती. आजूबाजूच्या कुठल्याच चपलांवर ती नव्हती.

विक्रमगडपुढच्या पाड्यावर माणूस अनवाणी गेला? की कंपनीचे गमबूट घालून गेला? त्याने गमबुटांची वही काढली. अंकुशचा जोड परत आलेला नव्हता. जाऊ दे, ढापला असेल. नवे गमबूट दोन वर्षं सहज टिकतात. असा विचार त्याने मुद्दाम केला आणि त्याच्याने तो पुरा होईना.

प्लँटचे सुपरवायझर कृष्णकांत राऊत कँटीनच्या मागे फोनवर बोलत होते. वीस वर्षांची नोकरी, वरपर्यंत ओळख, माणूस एरवी मोकळा. दिग्विजय समोर उभा राहिला.

"राऊतसाहेब, तो अंकुश वरठा. ब्रेकच्या दिवशी त्याला कुठलं काम दिलं होतं?"

"ब्रेकवाल्याला कसलं काम? पास जमा केला की तो बाहेरचा."

"साहेब, सगळ्यांना माहीत आहे. पास जमा झाला तरी दिवसभर वापरून घेतो आपण त्यांना. साफसफाई, उचलठेव."

कृष्णकांतनी फोन खिशात टाकला. "जुन्या शेडमागची ती जमिनीखालची टाकी नाही का, बंद पडलेली? तिचा गाळ बघायला पाठवला होता. तासाभराचं काम. करून गेला असेल. जाताना झाकणसुद्धा उघडंच टाकून गेला. बेजबाबदार लेकाचे. मीच संध्याकाळी दोन पोरं लावून झाकण बसवलं आणि बोल्ट आवळून घेतले, नाहीतर रात्रीच्या शिफ्टला कुणी पडलं असतं त्यात."

बोलता बोलता ते थांबले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. लांब कुठेतरी बॉयलरची वाफ सुटली आणि बंद झाली.

"आत कुणी आहे का, हाक मारली होती?" दिग्विजयने विचारलं.

"तो पाच चाळीसला बाहेर गेलाय," कृष्णकांत सावकाश म्हणाले. "तुझ्याच अक्षरात लिहिलंय. तू पाहिलंस ना त्याला जाताना?"

दिग्विजयची नजर जुन्या शेडकडे गेली.

"पाहिलंच असशील. मग विषय संपला." त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझाही करार मार्चअखेरच संपतो, नाही का? मी बोलून ठेवलंय वर. काळजी करू नकोस."

५

संध्याकाळी साडेसहाला अक्षय आपणहून आला. सीझनचा शेवटचा सामना होता. दिग्विजयला टीव्ही लावायची इच्छा नव्हती, पण नको म्हणायला कारणही सुचेना. खिडकीतून अजून उजेड येत होता. खाली पोरं होळीसाठी लाकडं गोळा करत होती, त्यांचा आरडाओरडा वर ऐकू येत होता.

अंकुशला संघात घेतलेलं नव्हतं. मॅच नेहमीसारखी झाली. सरावली युनायटेड दोन गोलांनी जिंकली. शिट्टी वाजली, खेळाडू मैदानाबाहेर जायच्या बोळाकडे निघाले. सामना संपला की गेममधला कॅमेरा दरवेळी वर वर जातो आणि रिकामं मैदान दाखवतो. तसा तो वर गेला. मैदान रिकामं नव्हतं.

मधल्या पांढऱ्या वर्तुळात एकजण उभा होता. आजूबाजूचं गवत हिरवं, वर्तुळाच्या आतलं मात्र काळपट. कॅमेरा बरोबर त्याच्या डोक्यावर येऊन थांबला आणि नेहमी जातो तसा पुढे गेला नाही. प्रेक्षकांचा गलका विरत विरत बंद झाला. मग ती गुणगुण ऐकू आली.

त्या माणसाने तोंड वर केलं.

गेममधल्या खेळाडूंना दिग्विजयने आळसाने एकच चेहरा दिला होता, यादीतला सहा नंबरचा. सगळे सव्वीस जण भाऊ भाऊ दिसायचे. हा चेहरा तो नव्हता. डाव्या भुवईत जुन्या जखमेची खाच होती, आणि ती खाच दिग्विजयने फक्त खिडकीच्या गजांतून पाहिलेली होती. माणसाचं तोंड उघडं होतं. दोन्ही हात त्याने डोक्यावर उंच धरले होते, वरून कुणी ओढून घेईल म्हणून धरावेत तसे.

"भाऊ," अक्षय अगदी हळू म्हणाला, "हा वर का बघतोय?"

दिग्विजय उठला आणि त्याने टीव्हीची वायर ओढून काढली. पडदा काळा झाला. खाली पोरं हसत होती. अक्षयने कंट्रोलर गादीवर ठेवला, चपला पायात न घालता हातात घेतल्या, आणि आपल्या घरी गेला.

हेमांगी दारात उभी होती. तिने काय पाहिलं, कुणास ठाऊक. दिग्विजयने तिला सगळं सांगितलं; गेमचं नाही, रजिस्टरचं.

"नोकरी जाईल," शेवटी तो म्हणाला.

"जाऊ दे. साक्रीला परत जाऊ," ती म्हणाली. "पण त्या बाईला अजून किती ठिकाणी फिरवणार तुम्ही?"

६

नवसी रविवारी सकाळी गेटबाहेर बसलेली होती. वसईला बघून आली होती, भिवंडीला बघून आली होती. पिशवी मांडीत, पायांना भेगा. दिग्विजय टाइम ऑफिसात न शिरता सरळ तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. गेटवरचे दोन गार्ड बघत होते, टपरीवर चहा पिणारे कामगार बघत होते.

"मी त्याला जाताना पाहिला नाही," तो म्हणाला.

तिला समजलं नाही. "तू तर बोललास..."

"खोटं बोललो. सकाळीच लिहून ठेवतो मी ते. तो आत गेला एवढंच मला माहीत आहे. बाहेर आलेला पाहिला नाही."

ती उठून उभी राहिली. त्याला वाटलं, आता मारेल. मारावं असंही वाटलं. तिने त्याच्या शर्टाची बाही धरली, लहान मूल धरतं तशी, आणि ती सोडली नाही. तसंच उभं राहून त्याने पोलिसांना फोन लावला. बाजूने कृष्णकांतची गाडी आत गेली, काच खाली झाली आणि पुन्हा वर झाली.

पोलीस यायला पाऊण तास लागला, अग्निशमनची गाडी यायला सव्वा. जुन्या शेडमागे उंच वाढलेलं गवत होतं. त्यात ते लोखंडी झाकण, आणि त्याला आठ बोल्ट. बोल्ट काढायला चार माणसं लागली. झाकण बाजूला सरकवलं तेव्हा उग्र वास आला आणि सगळे मागे हटले. झाकण उलटं होऊन गवतावर पडलं होतं. त्याच्या आतल्या बाजूच्या गंजावर एका ठिकाणी पुन्हा पुन्हा आपटल्याचे चकचकीत ठिपके होते. दिग्विजयने ते पाहिले आणि मान फिरवली. नवसीने पाहिले आणि ती बघतच राहिली. ती रडली नाही. तिने फक्त त्याची बाही आणखी घट्ट धरली.

मुखवटा लावून, कमरेला दोर बांधून बचाव पथकाचा एक माणूस खाली उतरला. त्याचं नाव जिवल्या, चिंचणीचा, असल्या कामात मुरलेला. दोर सुटत गेला आणि थांबला. खालून बॅटरीचा उजेड हलताना दिसत होता.

"हाय," खालून आवाज आला. मुखवट्यामुळे तो लांबून आल्यासारखा वाटत होता. "शिडीच्या दांडीलाच हाय. राखाडी युनिफॉर्म."

इन्स्पेक्टरनी वहीत काहीतरी लिहिलं. नवसीने डोळे मिटले. दिग्विजयने तिच्या हातावर हात ठेवला. त्याला वाटलं, संपलं. जे व्हायचं होतं ते झालं, निदान आता तिला कुठे शोधत फिरायला लागणार नाही.

खालचा उजेड मात्र पुढे सरकला होता. दोर आणखी हातभर सुटला.

"साहेब," जिवल्याचा आवाज आला, या वेळी बराच हळू. "दोगं हायत."

"काय?"

"दोगं. ह्यो मागं हाय, भिंतीला टेकून बसल्यावानी. ह्यो लय जुना हाय, साहेब. ह्याचा युनिफॉर्म निळा हाय."

निळा युनिफॉर्म कारखान्याने चार वर्षांपूर्वी बंद केला होता. तेव्हा दिग्विजयला रुजू होऊन जेमतेम वर्ष झालं होतं.

इन्स्पेक्टरनी बाजूला येऊन उभ्या राहिलेल्या कृष्णकांतकडे पाहिलं. "तुमच्याकडून आणखी कोण बेपत्ता आहे?"

"कुणीही नाही, साहेब," कृष्णकांत म्हणाले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता, तरी शब्द सवयीने आले. "आमची रजिस्टरं पूर्ण जुळतात."

दिग्विजय त्या वर्षाची नावं आठवू लागला. ब्रेक दिलेले शंभर-सव्वाशे तरी असतील. जव्हारकडचे, मोखाड्याकडचे, उत्तरेकडचेही. सगळे पाच चाळीसला बाहेर. एकाचाही चेहरा डोळ्यांपुढे येईना.

"ह्याचं नाव काय?" नवसीने विचारलं. तिने अजून त्याची बाही सोडलेली नव्हती.

"माहीत नाही."

"ह्याची बायको आलीवती का कंदी? माज्यासारकी?"

आल्या होत्या. त्या वर्षी आणि त्यानंतरच्या प्रत्येक वर्षी खिडकीशी बायका आल्या होत्या, कुणी भावाला शोधत, कुणी नवऱ्याला. किती आल्या, कोण आल्या, हे त्याला काही आठवत नव्हतं. त्यांना काय उत्तर दिलं होतं, तेवढं मात्र आठवत होतं. सगळ्यांना त्याने एकच सांगितलं होतं, की पाहिलं ना, बरा होता, हसत गेला.